फित्वीच्या मापाची सायकल

मित्रांनो, माझ्या अंगावरून हात फिरवलात तर जोडांपाशी तुमच्या बोटांना खरखर लागेल. तिथे रंगाखाली भाजल्याच्या खुणा आहेत. मी अस्मारा शहरातली शर्यतीची एक जुनी सायकल आहे, आणि मला एकदा करवतीने कापले आहे. कापणाऱ्यांवर माझा राग नाही. पण ते का आणि कसे घडले, हे कुणालातरी सांगावे असे फार दिवसांपासून मनात होते.

माझा जन्म इटलीतल्या एका लहानशा गावात झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने पोलादाच्या पातळ नळ्या पितळेने जोडून माझी फ्रेम बनवली. ज्या उंच माणसासाठी ती बनवली, त्याने त्याच वर्षी शर्यती सोडल्या. मी दोन वर्षे छताला लटकत राहिले. मग तिकडे नोकरी करणाऱ्या अस्माराच्या एका माणसाने मला घेतले, घोंगडीत गुंडाळले आणि बोटीने आपल्या भाच्याला पाठवून दिले. त्या भाच्याचे नाव फित्वी.

फित्वी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. उंच, हडकुळा, आणि हसला की सगळे दात दिसायचे. त्याने घोंगडी सोडली, मला खांद्यावर टाकले आणि घरात पाणीही न पिता थेट आबोय गोइतोम यांच्याकडे नेले. ते शहरातले सर्वांत जुने सायकल-मिस्त्री; सगळे त्यांना आबोय, म्हणजे बाबा, म्हणायचे. मेदेबेरच्या बाजारात दिवसभर पत्र्यावर हातोडे पडत असतात आणि जुन्या पिंपांच्या चुली होत असतात, तिथेच आत त्यांचे दुकान होते.

"बूट काढ. भिंतीला पाठ लाव," आबोय म्हणाले. त्यांनी एक जाड पुस्तक फित्वीच्या दोन्ही पायांमध्ये धरले, वर घट्ट दाबले, पुस्तकाच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण केली आणि जमिनीपासून फीत लावली.

"अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर. आणि ही फ्रेम सत्तावन्नची. पोरा, ही तुझीच आहे. त्या इटालियनाला उगाच वाटलं की गिऱ्हाईक दुसरं कुणी आहे."

"मग निघू का, आबोय?"

"कुठं निघतोस? कापड मिळालं म्हणजे अंगरखा झाला का? चढ वर."

दीड तास त्यांनी त्याला सोडले नाही. टाच पायडलवर ठेवून पाय अगदी सरळ व्हावा, इतकी सीट उचलली. दोऱ्याला एक नट बांधून तो फित्वीच्या गुडघ्यावरून खाली सोडला आणि दोरा पायडलच्या मधोमध येईपर्यंत सीट मागेपुढे केली. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकतात की नाही, ते पाहिले. "कोपराला कुलूप घालून बसलास तर प्रत्येक खड्डा मानेत जाईल," ते म्हणाले. सगळे जमल्यावर त्यांनी सीटच्या दांड्यावर, फ्रेमच्या तोंडाशी, काळी चिकटपट्टी गुंडाळली. ती माझी सीटची खूण.

मित्रांनो, मापाचा माणूस बसला की सायकलला काय वाटते, हे तुम्हाला कसे सांगू? त्याचे ओझे वाटतच नाही. दोन्ही चाकांवर सारखा भार येतो, आणि तो जोर लावतो तेव्हा तो जोर कुठेही सांडत नाही. तीन वर्षे मी तशी धावले. रविवारच्या शर्यतीला लोक कॉफीचे पेले हातात घेऊन दुकानांतून बाहेर यायचे आणि "फित्वी! फित्वी!" असे ओरडायचे. शर्यत नसेल त्या दिवशी तो धाकट्या बहिणीला, अझिएबला, माझ्या आडव्या दांडीवर बसवून शाळेतून घरी आणायचा. ती घंटेऐवजी तोंडानेच आवाज काढायची.

मग मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली. फित्वीला बोलावणे आले. जायच्या आधी त्याने मला रॉकेलने धुतले, चेनला तेल दिले आणि खोलीतल्या भिंतीवर दोन मोठ्या खिळ्यांना टांगले.

"आई, सीट कुणी हलवायची नाही हं. आलो की लगेच बसणार," तो म्हणाला.

"तू ये तर खरा," अदेय मेब्रात म्हणाल्या. त्या त्याची आई; अदेय म्हणजे आईच.

त्याची तीन पत्रे आली. चौथे आले नाही.

लढाई संपली. गल्लीतली काही मुले परत आली. काहींच्या घरी कुणीच आले नाही आणि निरोपही आला नाही. आमचे घर त्यांतले. तो गेला असे कुणी सांगितले नाही आणि आहे असेही कुणी सांगितले नाही. अदेय मेब्रात दर शनिवारी कॉफी झाली की तेलाचे फडके घेऊन माझ्यापुढे उभ्या राहायच्या. आधी दांडी पुसायच्या, मग आरे. शेवटी दोन्ही चाके हाताने फिरवायच्या, आतले ग्रीस गोठू नये म्हणून. पुसताना त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. मला वाटायचे, बोलल्या तर बरे.

अशी चार वर्षे गेली. अझिएब सतरा वर्षांची झाली. पहाटे ती बेकरीत काम करायची. भावाची उंची तिच्याकडे आली नव्हती. आईसारखी ती बुटकी आणि मजबूत होती.

त्या वर्षी शहरातल्या एका सायकल क्लबने मुलींचा संघ काढायचे ठरवले. चाचणीतून सहा मुली निवडणार, त्या सहा जणींना क्लबच्या सायकली मिळणार आणि परदेशातल्या शर्यतींनाही नेणार. ही बातमी ऐकून आली त्या दिवशी अझिएब माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग आईला म्हणाली, "आई, मी फित्वीची सायकल घेऊ?"

अदेय मेब्रात यांचे हात तव्यावर तायताचे आंबवलेले पीठ ओतता ओतता थांबले. "चालव," त्या शेवटी म्हणाल्या. "पण जशी आहे तशीच परत टांगायची. त्याची खूण हलता कामा नये."

आता तुम्हीच सांगा. फित्वीच्या खुणेवर तिचे पाय पायडलपर्यंत पोचतच नव्हते! पहिल्याच दिवशी ती गल्लीच्या वळणाआड गेली, पाना काढला आणि सीट पार खाली, फ्रेमला टेकेपर्यंत ढकलली. संध्याकाळी घरी यायच्या आधी तीच सीट पुन्हा वर ओढून बरोबर काळ्या पट्टीवर आणली. हे तिने रोज केले. रोज खाली, रोज वर.

एवढे करूनही मी तिला मोठीच होते. थांबायचे झाले तर तिला मला कलती करून एका पायावर उभे राहावे लागे. हँडल इतके लांब होते की ते धरताना ती जवळजवळ माझ्यावर पालथी पडायची. पायडल खाली गेले की तिची कंबर डावी-उजवीकडे हेलकावायची. मी तिच्याखाली धावत होते आणि मला कळत होते की मी तिला दुखवते आहे. मान दुखवते आहे, तळहात बधिर करते आहे. माणसाला निदान अंग चोरता येते. मला एक बोटभरही आखडता येत नव्हते.

पहिल्या चाचणीला वीस मुली आल्या होत्या. प्रशिक्षक झेमिकाएल मास्तरांनी आम्हाला पाहिले आणि शिट्टी तोंडातून काढली.

"ए पोरी, तू हिच्यावर बसलीयस का ही तुला पळवून नेतेय?"

"उंटावर कोंबडी!" मागून एक मुलगी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"कोंबडी पुढं गेली की मग हसा," अझिएब म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

चाचणी नेफासितच्या घाटात होती. खाली उतरायचे आणि वळून पुन्हा शहरापर्यंत चढायचे. उताराला धुके होते. चौथ्या वळणावर समोर शेळ्या आल्या. अझिएबने ब्रेक पकडायला हात लांबवला. तिच्या बोटांची फक्त टोके पोचत होती. आणखी पुढे सरकली तशी ती सीटवरून घसरून माझ्या दांडीवर आदळली. मी वाकडीतिकडी गेले. शेळ्या वाचल्या. आम्ही दोघी कठड्याजवळच्या निवडुंगात पडलो, आणि कठड्याच्या पलीकडे काहीही नव्हते, फक्त धुके.

मास्तर गाडीतून उतरून धावत आले. त्यांनी आधी तिचे हातपाय चाचपले, मग मला उचलून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पाच आठवड्यांनी शेवटची चाचणी आहे. मापाची सायकल आण, नाहीतर येऊ नकोस."

"दुसरी कुठून आणू, मास्तर?"

"ते मला ठाऊक नाही. मला जिवंत पोरी हव्यात."

ती मला ढकलत आबोय गोइतोम यांच्याकडे घेऊन गेली. अंगात काटे तसेच होते. म्हाताऱ्याने मला ओळखले. त्यांनी माझ्या दांडीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बूट काढ. भिंतीला पाठ लाव."

अझिएबचे माप चौऱ्याहत्तर निघाले. म्हणजे तिला फ्रेम हवी होती एकोणपन्नासच्या आसपास.

"आधी सोपे उपाय करू," आबोय म्हणाले. त्यांनी हँडलचा पुढचा तुकडा बदलून आखूड बसवला. पायडलचे लांब दांडे, म्हणजे क्रँक, काढून जुन्या सामानातून छोटे क्रँक शोधून लावले. सीट पुढे ओढली. आठवडाभर अझिएबला जरा बरे वाटले. दुसऱ्या आठवड्यात तिचा उजवा गुडघा सुजला. ती बेकरीत उभी राहीना. पाव भट्टीत टाकताना भिंतीला टेकायची, आणि दुपारी पुन्हा माझ्यावर बसायची. चढावर प्रत्येक फेऱ्याला तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. दात आवळले तरी निघायचा. मित्रांनो, तो आवाज मला आजही ऐकू येतो.

आबोयनी पुन्हा दोरा सोडला. दोरा पायडलच्या कितीतरी पुढे पडला.

"हे बघ. सीट पुढं घेतली तर गुडघा जातो. मागं ढकलली तर मान जाते आणि ब्रेक सुटतो."

"मग काय करायचं, आबोय?"

"एकतर माणूस लांब करायचा, नाहीतर फ्रेम आखूड करायची."

अझिएब हसली. मग तिच्या लक्षात आले की ते थट्टा करत नाहीत.

"सगळे जोड तापवून सोडवायचे. नळ्या चार बोटं कापायच्या आणि पुन्हा पितळेने झाळायच्या," ते म्हणाले. "पन्नास वर्षांत दोनदा केलंय मी. एक टिकली."

"आणि दुसरी?"

"दुसरी तुटली. तिच्यावरची पोरगी दुसऱ्याच गावची होती," आबोय म्हणाले आणि दोरा गुंडाळू लागले.

घरी हा विषय निघाला तेव्हा चुलीवर पिठल्यासारखा शिरो रटरटत होता. अदेय मेब्रात यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच शब्द म्हणाल्या, "नाही."

"आई, दुसरा उपाय नाही."

"तो आला की काय सांगू त्याला? तुझी सायकल बहिणीनं कापून घेतली?"

"आई, चार वर्षं झाली..."

"मोजू नकोस!" अदेय इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या घरातले बोलणे थांबले. "माझ्यासमोर वर्षं मोजू नकोस. त्यानं सांगितलंय, आलो की बसणार. तू तिला कापलीस म्हणजे तो येणार नाही असं तूच ठरवलंस."

"मी काही ठरवत नाही. पण मी तर आहे ना? या घरात मी आहे, रोज आहे. त्याच्या सायकलला तू हात लावतेस. माझ्या गुडघ्याला लावलास का कधी?"

कुणीच जेवले नाही. अझिएबने मला उचलले, खिळ्यांवर टांगले, आणि खूण बरोबर आहे की नाही ते बोटाने चाचपून पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने मला खाली काढले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चाचणीला सोळा दिवस उरले होते. मी भिंतीवर होते, पूर्ण सत्तावन्नची. ज्याच्यासाठी मी तशी होते तो कुठे आहे हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि जिला मी हवी होते ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. त्या दिवसांत मला वाटायचे, खिळा निसटावा, मी पडावे आणि आपोआप मोडावे. म्हणजे निदान कुणाला ठरवावे लागणार नाही.

शनिवार आला. अदेय मेब्रात फडके घेऊन आल्या. दांडी पुसली, आरे पुसले. मग त्या दिवशी त्यांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी काळ्या पट्टीचे टोक नखाने उचलले. पट्टी नवी होती. पट्टीखालच्या दांड्यावर, चकचकीत धातूवर, बारीक ओरखडे होते. एकाखाली एक, गोल गोल, कितीतरी. रोज सीट खाली ढकलताना आणि रोज वर ओढताना पडलेले. आणि पट्टीच्या जागी जुन्या गोंदाचे थरांवर थर होते. पट्टी निघाली की मुलीने नवी आणून बरोबर त्याच जागी लावली होती. एक केसभरही इकडेतिकडे नाही.

अदेय त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. फडके केव्हाच खाली पडले होते. मग त्यांनी पांढरी नेत्सेला, सुती ओढणी, डोक्यावर घेतली, मला खिळ्यांवरून उतरवले आणि रस्त्यावर आल्या. त्यांना मला ढकलताही नीट येत नव्हते. पायडल त्यांच्या पोटरीला लागत होते. सगळा रस्ता ओलांडून, हातोड्यांच्या आवाजातून, त्या मला आबोय गोइतोम यांच्यापुढे घेऊन उभ्या राहिल्या.

"कापली की पुढं कधी परत लांब करता येईल का?"

"नाही, मेब्रात."

"खोटं तरी बोलायचंस."

"तुझ्याशी? या वयात?"

त्या लाकडी ठोकळ्यावर बसल्या. "आणि तो आला तर?"

"तो आला तर त्याला या भिंतीला उभं करीन, माप घेईन आणि नवी बनवीन. माझ्या हातानं."

"तू तोवर असशील?"

म्हाताऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "नसलो तर अझिएबला शिकवून ठेवीन."

अदेय मेब्रात यांनी माझ्या सीटवर हात ठेवला. "काप," त्या म्हणाल्या. "पण मी इथून उठणार नाही."

आबोयनी बेकरीत निरोप पाठवला. अझिएब आली तेव्हा तिच्या हातांना कोपरापर्यंत पीठ होते. आई आणि मी, दोघींना तिथे बघून ती दारातच थांबली.

आधी माझी चाके, चेन, ब्रेक सगळे उतरवले. मग गॅसची निळी ज्योत जोडांवर आली. रंग फुगला, जळाला. जोड लाल झाले, आतले पितळ घामासारखे बाहेर आले आणि एकेक नळी सुटली. मी आता सायकल राहिले नव्हते, चिमट्यातल्या नुसत्या नळ्या होते.

"ही हलते आहे. कुणीतरी घट्ट धरा," करवत हातात घेऊन आबोय म्हणाले.

अझिएब पुढे झाली. त्याआधीच अदेय मेब्रात उठल्या होत्या. त्यांनी नेत्सेलाचा पदर हाताला गुंडाळून नळीचे टोक पकडले. करवत चालू झाली तेव्हा त्यांनी मान वळवली, पण हात ढिला केला नाही. पहिला तुकडा खाली पडून घरंगळला. तो त्यांनी उचलला. मग दुसरा, मग तिसरा. गरम होते तरी हातात धरून ठेवले.

कापलेली टोके आबोयनी कानशीने माशाच्या तोंडासारखी घासली, एकमेकींत बसवली, दोरा लावून सरळ आहेत की नाही ते दहादा पाहिले आणि पुन्हा झाळली. पुढचे चाक धरणाऱ्या काट्याचा वरचा दांडा कापला, मागच्या बारीक नळ्याही आखूड केल्या. तीन दिवस लागले. रंगाला वेळ नव्हता. गंजाला अडवणारा लाल लेप फासून त्यांनी मला उभी केली.

"ऊठ अझिएब. दोन्ही पाय जमिनीवर."

ती माझ्यावर पाय टाकून उभी राहिली. दांडी आणि तिच्यामध्ये दोन बोटे जागा होती. ती सीटवर बसली. टाच पायडलला, पाय सरळ. दोरा मधोमध. कोपर किंचित वाकलेले. ब्रेकवर सगळी बोटे पोचली, तळापर्यंत.

"वळताना जपून. आता चाक जवळ आलंय, बुटाचं टोक लागेल," आबोय म्हणाले. "आणि ऐक. झाळ ताजी आहे. मोठा खड्डा घेऊ नकोस. काही करकरलं तर उतर."

ती बाजाराला एक फेरी मारून आली. ओठ घट्ट मिटलेले होते आणि गाल ओले होते. मीही, मित्रांनो, चार वर्षांनी पहिल्यांदा ओझे न वाटता धावले होते, आणि ते फित्वीखाली नव्हते.

शेवटच्या चाचणीला धुके अधिकच दाट होते. उतरताना अझिएबने एकही वळण वाया घालवले नाही. नेफासितला वळसा घेतला तेव्हा आम्ही अकराव्या होतो. चढ सुरू झाला. गुडघा पुरता बरा झालेला नव्हता, पण तो बारीक आवाज आता येत नव्हता. एकेक मुलगी मागे पडत होती. नववी. आठवी. सातवी. उंटावर कोंबडी म्हणणारीला ओलांडताना अझिएब एक शब्दही बोलली नाही; तेवढा श्वासच नव्हता.

शहर तीन किलोमीटरवर असताना माझ्यातून आवाज आला. कर्र. पुढच्या जोडात, खालच्या नळीपाशी. तिने जोर लावला की कर्र. तिने ऐकले. तिचे डोके क्षणभर खाली आले, त्या जोडाकडे. उतर, मी मनात म्हणाले. मग म्हणाले, उतरू नकोस. काय म्हणावे ते मला कळत नव्हते. जोडात केसासारखी चीर गेली होती आणि ती लांब होत होती. त्या नळीत जे काही होते, ते पोलाद, ते पितळ, सगळे आवळून मी धरून राहिले. ती उभी राहून पायडल मारायची, ते तिने थांबवले. सीटवर बसली, सरळ, हलक्या हाताने, मला हिसका बसणार नाही अशी, आणि तशीच चढत राहिली. सहावी दिसली. सहावीच्या चाकाला चाक लावले. शेवटच्या चढावर तिला ओलांडले. पुढच्या वळणावर आणखी एक होती, दमून झिगझॅग जाणारी.

आम्ही पाचव्या आलो. अझिएब रेघेपलीकडे उतरली आणि मला खांद्यावर उचलून घेतले. मी पुन्हा जमिनीला लागू नये म्हणून. मास्तर वही घेऊन आले.

"माप कुणी घेतलं?"

"गोइतोम आबोयनी."

"आणि फ्रेम कुणी दिली?"

"घरचीच आहे," ती म्हणाली.

आबोयनी चीर पाहिली, मान हलवली आणि जोड पुन्हा झाळून आतून पट्टी दिली. तो अजून टिकून आहे. क्लबची नवी सायकल अझिएबला मिळाली, तिच्या मापाची. पण रोजच्या सरावाला ती मलाच घ्यायची आणि आठवड्यातून दोन दुपारी आबोयच्या दुकानात दोरा, फीत आणि कानशी हातात धरायला शिकायची. दर शनिवारी अदेय मेब्रात मला पुसायच्या. आता पुसताना बोलायच्या. "आज कुठवर गेलात गं?" असे विचारायच्या.

पुढच्या जूनमध्ये दारात तीन माणसे आली. त्यांच्या हातात कागद होता. अदेय मेब्रात यांनी त्यांना बसायला सांगितले आणि फक्त तो गेल्याची तारीख विचारली. त्यांनी सांगितली. मला खिळ्यांवर टांगल्यापासून तो सातवा आठवडा होता.

सातवा आठवडा! म्हणजे ते सगळे शनिवार, ती खूण, चुलीपुढचे ते भांडण... तेव्हा तो केव्हाच गेलेला होता.

घर माणसांनी भरले. काळे कपडे, रडणे, कॉफी, पुन्हा रडणे. अझिएब कोपऱ्यात बसून असायची. बारा दिवस झाले तरी तिने मला हात लावला नाही. क्लबमधून निरोप आले, तिने उत्तर दिले नाही. "माझ्यामुळं ती कापली," असे ती एकदा म्हणाली.

तेराव्या सकाळी अदेय मेब्रात यांनी मला अंगणात आणले. चाकात हवा भरून घेतली होती. त्यांनी एका हाताने माझे हँडल धरले, दुसऱ्या हाताने सीट.

"अझिएब, ये."

"नको, आई."

"तो नाही येत आता. तू ये." मला धरलेले त्यांचे हात हलत नव्हते. "मी धरलीय. बस."

आणि ती बसली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू तुमच्याही घरी असतील. त्या पुसा, जपा. पण घरात जो आहे, त्याचे माप एकदा घ्या. त्याचा गुडघा दुखतो का, हात पोचतात का, ते खाली वाकून बघा. आणि माझ्यासारखी एखादी कुठे भिंतीवर टांगलेली दिसली, तर चाके तेवढी फिरवून जात जा. आतले ग्रीस गोठले की आम्हाला फार एकटे वाटते.